गोळी लागू पडेनाशी झाली तेव्हा

गोळी एका दिवसात बंद पडली नाही. आधी ती उशिरा लागू पडायला लागली, मग अर्धवट, मग कधी पडायची, कधी नाही. मी नोकरीभर एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. ज्या गोष्टीला तारीख नसते तिची बातमी होत नाही, हे तिथे शिकलो. या गोष्टीला तारीख नव्हती. एवढंच सांगता येतं की एका उन्हाळ्यात ती चालत होती आणि पुढच्या उन्हाळ्यात चालत नव्हती.

मधुमेह जुना आहे. त्याच्या मागोमाग ही अडचण आली तेव्हा आमच्या वृद्ध डॉक्टरांनी ती गोळी लिहून दिली. काही दिवसांनी ते दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. गोळी हजीऱ्यातून आणायचो. आम्ही ग्वाल्हेरला दर्पण कॉलनीत राहतो आणि कॉलनीतल्या औषधवाल्याला आमच्या घरातली प्रत्येक गोळी माहीत आहे. तो काही बोलला नसता, पण त्याला कळलं असतं. हजीरा किल्ल्याच्या पलीकडे आहे. तिथला माणूस मान वर न करता पुडी द्यायचा.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ इतक्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने आणखी एक घेतली तर कोण बघतं?

आमचा संसार दुपारचा होता. रात्रपाळीच्या माणसाचा तसाच असतो. मी पहाटे घरी यायचो तेव्हा ती शाळेत जायच्या तयारीत असायची. ती गणित शिकवते, मुलींच्या शाळेत. दुपारी ती परत यायची, मुलगा शिकवणीला गेलेला असायचा, आणि मला ऑफिसला निघायला वेळ असायचा. तेवढा वेळ आमचा. मी निवृत्त झालो, मुलगा नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी सवय दुपारचीच राहिली. सून हिंदी घरातली आहे, पण हौसेने मराठी शिकली आणि आता आमच्यापेक्षा शुद्ध बोलते. ती घरूनच काम करते, बाहेरच्या खोलीत, कानाला यंत्र लावून. फक्त बुधवारी ऑफिसला जाते. म्हणजे उरला बुधवार.

गोळी लागू पडेना तेव्हा माणूस जे करतो ते सगळं मी केलं. कंपनी बदलली. वेळ बदलली. उपाशीपोटी घेऊन पाहिली, कारण तुपाच्या जेवणावर ती उशिरा चढते असं वाचलं होतं. मग एकदा, बुधवार नसताना, नुसती परीक्षा म्हणून दोन घेतल्या. चेहरा तापला, डोकं दुखलं, समोरच्या भिंतीवर निळसर झाक दिसली. बाकी काही झालं नाही. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बेसिनला धरून उभा राहिलो. बाहेर सून कोणाला तरी इंग्रजीत काही समजावत होती.

त्यानंतर मी प्रयत्न सोडले आणि सबबी सुरू केल्या. कंबर. ॲसिडिटी. मॅच. एखाद्या जुन्या सहकाऱ्याची तब्येत बघायला जायचं आहे. सबब ही रोजची मजुरी आहे. कालची आज चालत नाही आणि आजची लक्षात ठेवावी लागते. संध्याकाळी मी काहीही न करता थकलेला असायचो.

त्याच वर्षी बायकोचं ऑपरेशन झालं होतं. गर्भाशयात मोठी गाठ होती, म्हणून गर्भाशयच काढून टाकलं. पोट उघडूनच करावं लागलं. तीन महिने विश्रांती, मग सगळं पूर्वीसारखं, असं तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते तीन महिने संपले तेव्हा माझी गोळी संपलेली होती. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली आणि बायकोने त्यांची बेरीज केली.

ती आधी मागच्या खोलीत झोपायला गेली. कारण माझं घोरणं, जे लग्नापासूनचं आहे. मग कपाटातल्या चंदेरी साड्या काढून सुनेला दिल्या. सून नको नको म्हणत होती. "घे गं, मला आता काय करायच्या," असं ती म्हणाली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

खरं मला गच्चीच्या जिन्यात कळलं. ती वर कपडे काढत होती आणि इंदूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. तिचा आवाज वर्गातला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"अगं ताई, माणूस बोलत नाही, पण कळतं ना. ऑपरेशन झालं, दुकान बंद." मग हसली. "हे माझ्याकडे कसं बघतात सांगू? फ्रीजकडे बघावं तसं. चालू आहे ना, मग झालं."

पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली असावी.

"नाही गं, त्यांचा काय दोष. आतून रिकामी झालेली बाई कोणाला हवी असते. मी काही नाराज नाही. फक्त एकदा तोंडाने म्हणाले असते तर बरं झालं असतं."

मी वर न जाता खाली आलो.

तिचा समज चुकीचा होता आणि तो एका वाक्यात दूर करता आला असता. पण त्या वाक्यात गोळी येत होती. शिवाय ते वाक्य मला मराठीत येत नव्हतं. या विषयाचे मला माहीत असलेले सगळे शब्द जाहिरातींचे होते. मर्दाना कमज़ोरी, शर्तिया इलाज, पहले जैसा जोश. नोकरीभर अशा जाहिराती असलेली पानं मी तपासून छपाईला सोडली. त्या चौकटींकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आमच्या घरात या गोष्टीला नाव नव्हतं, कारण नावाची गरज पडली नव्हती.

शेवटी सिटी सेंटर भागातल्या एका डॉक्टरकडे गेलो, एकटाच. तरुण माणूस. त्याने आधी छातीचं विचारलं. जिना चढताना दम लागतो का, छातीत दुखतं का, हृदयासाठी जिभेखाली ठेवायची गोळी कोणी दिली आहे का. दिली असेल तर ही गोळी तिच्याबरोबर चालत नाही, रक्तदाब इतका उतरतो की माणूस जाऊ शकतो. मी दोन गोळ्यांचं सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"किसने कहा था दो लेने को?"

"किसी ने नहीं."

"गोली ख़राब नहीं है, सर. नसें थक गई हैं. शुगर ने थका दी हैं. और जो हाल यहाँ की नसों का है, वही दिल की नसों का हो सकता है. पहले वो देखेंगे."

त्याने साखरेच्या, हार्मोनच्या आणि हृदयाच्या तपासण्या लिहिल्या. मी उठलो तेव्हा म्हणाला, "अगली बार मैडम को साथ लाइए."

"उनका स्कूल रहता है."

"तो छुट्टी के दिन आइए."

मी बायकोला सांगितलं की साखरेचे रिपोर्ट दाखवायचे आहेत, सोबत ये. ती आली. तिने पर्समध्ये माझ्यासाठी बिस्किटं घेतली होती, साखर उतरली तर म्हणून.

इथे ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक सवय सांगायला हवी. घरात आम्हाला एकांत नसतो, कारण घरात सगळ्यांना मराठी कळते. आमचा एकांत गर्दीत असतो. टेम्पोत, बँकेच्या रांगेत, भाजीवाल्यापुढे, जिथे चारी बाजूंना हिंदी चालू असते तिथे आम्ही मनातलं मोठ्याने बोलतो. मुलाच्या लग्नाची बोलणी, सासूची गाऱ्हाणी, भाऊबंदांची भांडणं, आमच्या घरातले बरेचसे निर्णय असे रस्त्यावर झालेले आहेत. समोरचा माणूस आपल्याकडे बघत असतो आणि आपण त्याच्यादेखत त्याच्याच दुकानाला नावं ठेवत असतो. ही सवय पिढ्यांची आहे आणि तिच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.

दवाखान्याचा हॉल भरलेला होता. आमच्या समोर एक वयस्क जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीशेजारी कापडी थैलीत झाकलेली लघवीची पिशवी होती. बाई त्यांना अधूनमधून म्हणायच्या, "सुनिए, पानी पी लीजिए." ते पीत नव्हते.

बायकोने भिंतीवरची पाटी वाचली.

"अहो, हे तर लघवीचे डॉक्टर आहेत."

"हो."

"शुगरवाले तर थाटीपूरला बसतात."

"हो."

"मग प्रोस्टेट आहे का? काय लपवून राहिलात तुम्ही? मला सरळ सांगा, कॅन्सर आहे?"

"नाही. हळू बोल."

"कोणाला कळतंय इथं?"

मी घरून एक वाक्य ठरवून आलो होतो. ते बरंच लांब होतं आणि त्यात सगळं क्रमाने येत होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "तुझ्या ऑपरेशनचा काही संबंध नाही."

"कशाशी?"

"मी तुझ्याजवळ येत नाही, त्याच्याशी."

पर्सची चेन तिने लावली, उघडली, परत लावली.

"मी गोळी घेत होतो," मी म्हणालो. "ती आता लागू पडत नाही. म्हणून."

"कसली गोळी?"

"तीच."

"ती? ज्याच्यावर मुलं मोबाइलवर जोक पाठवतात ती?"

"हो."

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं."

"कुठून आणत होतात?"

"हजीऱ्याहून."

"हजीऱ्याहून! कोपऱ्यावरून पुदिना आणा म्हटलं तर गुडघे दुखतात तुमचे. आणि गोळीसाठी किल्ल्याला वळसा?"

मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली नाही. ती हिशोब करत होती.

"म्हणजे त्या दुपारी... सगळ्या?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"सगळ्या."

"मला वाटायचं, या वयातसुद्धा माझ्यात काहीतरी आहे अजून," ती म्हणाली. आवाज तोच होता, फळ्यासमोर उभं राहून बोलण्याचा. "शाळेत सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांची रडगाणी सांगायच्या आणि मी मनात म्हणायची, आमचं बरं आहे. आणि ते काय होतं? हजीऱ्याच्या दुकानातलं होतं."

पहिल्या गैरसमजाचं उत्तर घेऊन मी आलो होतो. खरं सांगितल्यावर त्यातून दुसरा निघेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणालो, "तसं नाही." यापेक्षा निरुपयोगी वाक्य मी कधी लिहिलं असेल असं वाटत नाही.

"कसं मग?"

तेवढ्यात समोरच्या बाई किंचित पुढे वाकल्या आणि अगदी घरच्या, इथल्या लष्कर भागातल्या मराठीत म्हणाल्या, "पंख्याचं वारं लागत नसेल तुम्हाला. इकडं येऊन बसा हवं तर, जागा आहे."

बायकोचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. तिने पदर उगीचच सारखा केला. बाईंनी मात्र काहीच न ऐकल्यासारखं विचारलं, "यांना काय, मधुमेह का?"

बायको म्हणाली, "हो. मधुमेह."

"आमच्याकडे पण तोच. मग त्याच्या मागून बाकी सगळं येतं."

"सब आता है," त्यांचे यजमान पहिल्यांदाच बोलले. "लाइन लगाकर आता है."

"तुम्ही पाणी प्या," बाई त्यांना मराठीत म्हणाल्या आणि ते निमूटपणे प्यायले. त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात मराठी पूर्ण कळत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्या पिशवीकडे. मग दोघांनीही नजर वळवली.

पुढचं ठरल्यासारखं झालं. बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या. बायकोने शाळा सांगितली. बाईंची भाची तिची विद्यार्थिनी निघाली. ग्वाल्हेरात मराठी माणसाला मराठी माणूस दोन प्रश्नांत सापडतो. ज्यासाठी मी इतकी वर्षं किल्ल्याला वळसा घालत होतो, ते आता लष्करातल्या किमान एका घरात माहीत झालं होतं. मला अपेक्षेइतकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायलाही जोर लागतो.

आमचा नंबर आला. डॉक्टरने रिपोर्ट पाहिले. साखर वाढलेली होती. हृदयाच्या तपासणीत थोडी शंका होती, त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं आणि ते आधी, बाकी सगळं नंतर, असं बजावलं. मग बाकी सगळं सांगितलं. रोज घ्यायची एक सौम्य गोळी असते. हवा ओढणारा पंप असतो. स्वतःच टोचायचं इंजेक्शन असतं. शेवटी ऑपरेशन. चालायला जा, वजन उतरवा. हे सगळं तो संगणकाकडे पाहत सांगत होता, दिवसातून कितीतरी वेळा सांगत असावा.

बायकोने हात वर केला नाही, एवढंच. बाकी पवित्रा वर्गात शंका विचारणाऱ्या मुलीचा होता.

"डॉक्टर साहब, मेरा यूट्रस का ऑपरेशन हुआ है. इनकी तकलीफ़ में उसका कोई हाथ है?"

"नहीं मैडम. बिल्कुल नहीं. ये नसों का मामला है."

"पक्का?"

"पक्का."

"और पहले जो ठीक चल रहा था, वो गोली की वजह से था?"

डॉक्टरने पहिल्यांदा संगणकावरची नजर काढली. त्याला प्रश्न पूर्ण समजला की नाही, सांगता येत नाही. पण उत्तर त्याने नेमकं दिलं.

"मैडम, गोली अपने आप कुछ नहीं करती. गोली खाकर आदमी अख़बार पढ़ता रहे तो कुछ नहीं होगा. मन पहले होना चाहिए. गोली सिर्फ़ ख़ून का रास्ता खोलती है. मन गोली में नहीं आता."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, हॉलमधल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच. मग विचारलं, "पंप से कोई नुक़सान?"

"ख़ून पतला करने की दवा न लेते हों तो आमतौर पर नहीं."

बाहेर पडल्यावर तिने त्या बाईंचा निरोप घेतला. दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले. रिक्षावाला हिंदी गाणी ऐकत होता. तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि मग माझ्या कानाशी येऊन, हळू, म्हणाली, "सात वर्षं एक बातमी दाबून ठेवलीत. अखबारवाले ना तुम्ही?"

राग बरेच आठवडे टिकला. ती कामापुरतं बोलायची, आणि कधी मध्येच, भाजी निवडताना, एखादी विशिष्ट दुपार काढून विचारायची, "त्या दिवशी पण? दिवाळीच्या आधी, पडदे धुतले होते तेव्हा?" मी हो म्हणायचो. नाही म्हणता आलं असतं. तिने ते तपासलं नसतं. पण मी हो म्हणायचो, आणि पुढे तेवढंच वाक्य, की मन गोळीत येत नाही. ते माझं नव्हतं, डॉक्टरचं होतं, तरी चालत होतं.

हृदयाच्या डॉक्टरने आणखी एक गोळी वाढवली आणि रोज चालायला लावलं. सौम्य गोळीचा उपयोग कधी थोडा होतो, बहुधा होत नाही. पंप आणला. त्याचा आवाज सायकलमध्ये हवा भरल्यासारखा येतो. पहिल्या वेळी बायकोला हसू आवरेना, मलाही आवरलं नाही, आणि त्या दिवशी तेवढंच झालं. नंतर एकदा त्याने काम केलं, पण इतकी तयारी, इतकी मोजमापं, की दोघं दमून गेलो. त्याची पेटी कपाटात वर आहे. इंजेक्शनला मी अजून तयार नाही. या विषयात कोणी बरं होऊन परत येतं असं मला वाटत नाही. माणूस हळूहळू ताळ्यावर येतो, आणि त्यालाही उशीर लागतो.

एका बुधवारी सून ऑफिसला गेली होती. मी पुढच्या खोलीत पडलो होतो. बायको शाळेतून आली, हातपाय धुतले आणि मागच्या खोलीतून आपली उशी घेऊन आली. पंपाचं तिने काही विचारलं नाही. पलंगाच्या तिच्या बाजूला आडवी झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही अजून पाहिलं नाही ना?"

"काय?"

"ऑपरेशनची जागा."

मी पाहिली नव्हती. तिने दाखवली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं.

तिने साडी जरा खाली केली. बेंबीच्या खाली, आडवी, वीतभर लांब रेघ होती. कडेला कातडी किंचित ओढलेली, मधे रंग भोवतालापेक्षा फिका. एका टोकाशी टाक्यांच्या खुणा अजून दिसत होत्या.

"कशी आहे?" तिने छताकडे बघत विचारलं.

"सरळ आहे."

"सरळच असणार. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या." मग थांबून म्हणाली, "वाईट दिसते का?"

"नाही."

"डॉक्टरला विचारू?"

"विचार."

ती हसली. मी विचारलं, हात ठेवला तर दुखेल का.

"दुखत नाही आता. पण तुमचे हात थंडगार असतात."

थंडच होते. मधुमेहात होतात. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चांगला चोळला, स्वतःच्या गालाला लावून पाहिला, परत चोळला, आणि मग तिथे ठेवला.